चाळीस मशीन, एक पाय

खोलीत कॉम्प्युटर चाळीस होते आणि माणसं दीडशे. कोणी टेबलांवर बसलेलं, कोणी खिडकीच्या कठड्यावर, कोणी एकमेकांच्या पायांवर उभं. दिवे मालवलेले, पडदे ओढलेले, चाळीसही स्क्रीन काळेठिक्कर. आणि फळ्यासमोर, जिथे उभं राहून मी सात वर्षं पोरांना कॉम्प्युटर शिकवला, तिथे पांढऱ्या झग्यातले एक गृहस्थ डोळे मिटून डुलत होते.

"यंत्रात काय आहे?"

"काही नाही!" दीडशे गळे एकदम.

"मग शक्ती कुठून येते?"

"वरून!"

"ऐकू आलं नाही!"

"वरून! वरून!"

त्यांनी दोन्ही हात छताकडे उचलले. एक क्षण गेला, दोन गेले, आणि कोणी हात न लावता चाळीस पंखे एकदम घरघरले. चाळीस स्क्रीन निळे झाले आणि त्यांवर पांढऱ्या रेघा सरकू लागल्या. एक बाई किंचाळली. माझ्या शेजारी उभे असलेले पोस्टमास्तर, जे पाकिटावरचं तिकीटसुद्धा उजेडात धरून दोनदा तपासतात, ते लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

मी त्या निळ्या स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातली बारीक ओळ वाचत होते. 'आवृत्ती अकरा. तयार करणारी: सुई.' सुई म्हणजे मी. पोरं पाठीमागे मला सुई म्हणतात हे कळल्यावर रागाच्या भरात मीच ते नाव फाईलमध्ये टाकलं होतं. म्हणजे शक्ती वरून उतरली होती खरी, पण उतरताना माझी सही घेऊन आली होती!

बहिणीच्या बाळंतपणासाठी मी तीन आठवड्यांची रजा घेतली होती. रजेच्या महिनाभर आधी मी प्रशिक्षण केंद्रातल्या चाळीसही मशीनच्या डिस्क काढून टाकल्या होत्या. रोज कुठली तरी डिस्क बिघडायची, रोज कोणी तरी पोरगं त्यात नको ते टाकून ठेवायचं, आणि रोज मी चाळीस ठिकाणी वाकून तेच ते काम करायची. त्यापेक्षा लॅबच्या बरोबर वर, जुन्या खुर्च्यांच्या खोलीत, कपाटात एकच मोठं मशीन बसवलं. खालची मशीन सुरू झाली की तारेतून त्याच्याकडे मागतात आणि ते देतं. नवं काही टाकायचं झालं तर वर एकदा टाकायचं, खाली चाळीस ठिकाणी आपोआप पोचतं. बंद मशीन वरूनच सुरू करायचीही सोय केली होती, 'सगळे जागे व्हा' असं एक बटण.

पहिल्यांदा चाळीस स्क्रीन एकदम उजळले तेव्हा दारात गेटकाका उभे होते, आमच्या केंद्राचे राखणदार. आ वासून म्हणाले, "मॅडम, हे कसं हो झालं?" मी खुशीत होते. म्हणाले, "जादू आहे काका, जादू!" काका हसले, मीही हसले आणि महिनाभराने रजेवर गेले.

पुढचं मला नंतर कळलं. संचालकांचा मेहुणा आमच्याकडे काय काम करतो हे संचालकांनाही ठाऊक नाही. दिवसभर विजेच्या किटलीवर चहा उकळत बसतो, म्हणून त्याचं नाव किटली. त्याला त्या कपाटाजवळचा प्लग सोयीचा वाटला. त्यात असलेली पिन उपटून त्याने किटलीची खोचली. खाली चाळीस मशीन मेली. संचालकांनी आकाशपाताळ एक केलं, बहिणीच्या गावी मला फोन लागेना, दोन मेकॅनिक येऊन डिस्कच नाहीत म्हणून कपाळाला हात लावून गेले. तिसऱ्या दिवशी किटलीच्या डोक्यात उजेड पडला. पण खरं सांगावं तर संचालकांचा जोडा डोक्यात. म्हणून त्याने ओळखीचे एक गुरुजी आणले, जे तोवर शेजारच्या वस्तीत पाठदुखीवर फुंकर घालायचे. खाली गुरुजींनी हात वर करायचे, वर किटलीने पिन लावून बटण दाबायचं, बैठक संपली की पिन पुन्हा उपटायची. कधी दाबायचं ते भक्तच सांगत होते. 'वरून! वरून!' हा गजर छतातून स्वच्छ ऐकू जात होता.

चाळीस मेलेली मशीन उठवणाऱ्याला माणसं उठवणं काय जड? दुसऱ्याच बैठकीपासून गुरुजी माणसांकडे वळले होते.

"शरीर म्हणजे काय? यंत्रच! त्यात जुनी सिस्टीम बसलीय. ही औषधं, या गोळ्या, या सुया म्हणजे जुन्या फाईली. त्या पुसल्याशिवाय वरून नवं उतरेल का?"

"नाही!"

"मग पुसा!"

पत्र्याची एक पेटी फिरली. लोकांनी तीत रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या, दम्याचे पंप टाकले, एका आजीने तर डोळ्यांचे थेंब टाकून वर नमस्कार केला. मी बाहेर पडले आणि गेटपाशी मला कुजल्यासारखा वास आला.

गेटकाका स्टुलावर बसले होते. उजवा पाय दुसऱ्या स्टुलावर, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. काकांना वीस वर्षांचा मधुमेह. रोज दोनदा इन्शुलिन टोचून घ्यायचे, तेही हसतखेळत.

"काका, हे काय?"

"बूट चावला होता. आता बरं होतंय."

मी पिशवी सोडली. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं.

"हे बरं होतंय?"

"काळं पडतंय म्हणजे जुनं निघतंय. गुरुजी म्हणाले तसं."

"इन्शुलिन?"

"पेटीत टाकलं. अठरा दिवस झाले."

"उठा. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चला."

"उद्या चला मॅडम. उद्या पाचवी बैठक, पाचवीला नवं बसतं." मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "इन्स्टॉल चालू असताना मशीन मधेच बंद करू नये, असं तुम्हीच पोरांना ओरडून सांगायच्या ना?"

मी आत त्यांच्या बायकोकडे धावले. ती आमच्याकडे चहा करते, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो.

"मावशी, तो माणूस लबाड आहे. ती मशीन त्याने नाही उठवली. ते सगळं माझं आहे, मी बसवलंय!"

मावशीने कप विसळता विसळता माझ्याकडे पाहिलं. "तुमचं असतं तर तुम्ही नसताना कसं चाललं असतं?"

"चालतं! म्हणजे ते तसंच असतं..."

"मॅडम, राग मानू नका. तुमच्या हातून यश गेलं म्हणून बोलताय तुम्ही. मी डोळ्यांनी बघितलंय. चाळीस मशीन!"

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीण बाईंना मी फोनवर फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "उद्याची वाट बघू नका, उचलून आणा." तीन माणसांनी उचलायला हात घातला तर काकांनी काठी उगारली. शेवटी डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "मी सकाळी गाडी घेऊन येते. तोवर त्यांना पटेल असं काही तरी करा."

पटेल असं काय करायचं ते मी ठरवलं. खरं सांगते, ठरवताना मला गंमतही वाटत होती.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी वर गेले, मशीनची उपटलेली पिन लावली. मशीनला सांगून ठेवलं की बरोबर अकरा वाजता चाळीसही जणांना जागं कर. मग खोलीचं जुनं कुलूप काढून माझं लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन खाली पहिल्या रांगेत बसले. तिसऱ्या रांगेत काका होते, पाय स्टुलावर. डॉक्टरीण बाई दाराशी उभ्या राहिल्या.

साडेदहाला गुरुजी डुलायला लागले.

"शक्ती कुठून येते?"

"वरून! वरून!"

हात वर गेले. काही नाही.

"मोठ्याने!"

"वरून!"

काही नाही. किटली जिन्यावरून धडधडत खाली आला. चेहरा पांढराफटक. त्याने गुरुजींच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरुजींचा एक डोळा उघडला.

"आज इथली हवा जड आहे," ते म्हणाले. "कोणीतरी संशय घेऊन आलंय."

दीडशे माना माझ्याकडे वळल्या.

"संशय नाही," मी म्हणाले. "किल्ली घेऊन आलेय."

हवा हलकी करण्यात गुरुजींची वीस मिनिटं गेली. त्यांनी खिडक्या उघडवल्या, मिटवल्या, चामड्याचे पट्टे काढायला लावले, एका टकल्या माणसाला बाहेर बसवलं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला एक मिनिट उरलं तेव्हा मी उठले. चहाचा ट्रे घेऊन मावशी दारात उभी होती.

"मावशी, ट्रे ठेवा. इकडे या. हात वर करा."

"मी?"

"करा तर."

मावशीने संकोचाने हात वर केला. हातात टेबल पुसायचं ओलं फडकं होतं. काटा अकरावर आला आणि चाळीस पंखे घरघरले. चाळीस स्क्रीन निळे झाले.

मग पोस्टमास्तर पुढे आले आणि त्यांनी मावशीच्या पायांवर डोकं ठेवलं! त्यांच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे दहा. गुरुजी कोपऱ्यात एकटे उरले. ज्यांच्या चहात साखर कमी पडली म्हणून मावशी रोज बोलणी खायची, ते संचालकसुद्धा वाकले. मी हसले. खदखदून हसले. अशी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

पण मावशी माझ्याकडे बघत नव्हती. लोकांकडेही नाही. ती आपल्या तळहाताकडे बघत होती. फडकं तिच्या हातून गळलं. पायांवर पडलेली डोकी बाजूला सारत ती तिसऱ्या रांगेत गेली, खाली बसली आणि दोन्ही हात तिने त्या पिशवी बांधलेल्या पायावर ठेवले.

"उठा हो," ती म्हणाली. "उभे राहा. माझ्या हातात आलंय ते. उठा ना!"

बायकोचं ऐकून काका उठले. त्यांनी उजवा पाय टेकला आणि ते आडवे झाले.

माझं हसू तोंडातच मेलं. लबाडाची लबाडी उघडी पाडायला निघाले होते आणि मावशीला मीच फसवलं होतं. 'हे माझं आहे' असं मी तिला सांगितलं होतं. 'हे असं चालतं' हे सांगायला मात्र माझी जीभ वळली नव्हती.

डॉक्टरीण बाईंनी काकांना गाडीत घातलं. आता काठी उगारायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. मावशी मागे बसली, हात मांडीवर उलटे ठेवून.

मग मी कुलूप उघडलं आणि लोकांना दहा-दहाच्या गटाने वर नेलं. कपाट दाखवलं, मशीन दाखवलं, त्यातून निघून भिंतीतल्या भोकातून खाली जाणाऱ्या तारा दाखवल्या. सांगितलं की खालचं मशीन बंद असलं तरी त्याचा एक कान उघडा असतो. प्रत्येकाचा वेगळा नंबर असतो. हजेरी घेतात तसा वरून नंबर पुकारला की ते उठतं. उठल्यावर स्वतःजवळ काही नाही असं दिसलं की विचारतं, 'माझं काम कोणाकडे आहे?' वरचं म्हणतं, 'माझ्याकडे, घे.' शेवटी मी पिन उपटली आणि शेवटच्या गटाबरोबर वर आणलेल्या गुरुजींना म्हणाले, "आता उठवा."

"ताई, विज्ञान आणि श्रद्धा शेवटी एकच..."

"उठवा ना!"

किटली भिंतीला टेकून रडायला लागला आणि पिन-किटली सगळं ओकला. तेवढ्यात गुरुजी मागच्या जिन्याने उतरले. त्यांना कोणी अडवलं नाही, कारण सगळे खाली पत्र्याच्या पेटीभोवती जमले होते. एकमेकांकडे न बघता जो तो आपापल्या गोळ्या शोधत होता. तळाशी काकांच्या इन्शुलिनच्या बाटल्या होत्या, अठरा दिवस पत्र्यात तापून वाया गेलेल्या.

काकांचा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दोन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर मलमपट्टीवर भागलं असतं.

आठ दिवसांनी मी भेटायला गेले. मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. काकांनी खुणेने मला जवळ बसवलं.

"मॅडम, ते मशीन कसं चालू व्हायचं?"

मी सांगितलं. हजेरी, नंबर, तार, सगळं. घड्याळात पाहिलं नव्हतं, पण पाच मिनिटांच्या वर लागली नसतील.

"म्हणजे वर एक मशीन, खाली चाळीस, मधे तार."

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

काका सपाट पडलेल्या चादरीकडे बघत राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. "मग मी विचारलं होतं तेव्हा जादू का म्हणालात?"

तो झगेवाला सापडेल किंवा न सापडेल. पण त्याच्या आधी त्या दारात मी उभी होते, आणि पहिली 'जादू' माझ्या तोंडून निघाली होती. म्हणून हात जोडून सांगते. 'हे कसं होतं' असं कोणी विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका, बसवून सांगा. आणि तुम्ही विचारलंत आणि समोरचा सांगत नसेल, तर त्याच्या उचललेल्या हातांकडे बघू नका, भिंतीतून तार कुठे जाते ते बघा. मशीन पुसलं तर पुन्हा भरता येतं, कारण त्याची प्रत वर कपाटात ठेवलेली असते. काकांच्या पायाची प्रत कुठल्याही कपाटात नव्हती.