'हिला' म्हणजे कोणाला?

प्रभाकर मास्तरांनी मृत्युपत्र स्वतःच लिहायचं ठरवलं, तेव्हा सुमतीबाई धास्तावल्या. मरणाच्या विचाराने नव्हे हो, मास्तर चांगले ठणठणीत होते. भीती होती ती त्यांच्या हट्टाची. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झालेली. कल्याणच्या शाळेत जन्मभर व्याकरण शिकवून मास्तर नुकते निवृत्त झाले होते आणि डोंबिवलीत त्यांनी स्वतःचं कौलारू घर बांधलं होतं. "वकील कशाला हवा? माझ्या मराठीत चूक काढणारा अजून जन्माला यायचाय!" असं म्हणून ते दौत-टाक घेऊन बसले.

सुमतीबाईंना मूलबाळ नव्हतं. मास्तरांच्या पाठीमागे या घरातून आपल्याला कोणी ऊठ म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. ते त्यांनी एकदाच बोलून दाखवलं होतं आणि मास्तरांनी मनावर घेतलं होतं. माणूस तोंडाचा फटकळ, पण मनाचा अगदी मऊ.

रविवारी मास्तरांनी माजघरात वाचन ठेवलं. श्रोते दोनच, सुमतीबाई आणि मास्तरांची धाकटी बहीण रंगूबाई. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची. तिचा मुलगा विश्राम ठाण्याला नोकरीला होता. मास्तर खाकरले.

"'माझी धाकटी बहीण रंगूबाई माझे घरी राहते. तिचा सांभाळ व्हावा. माझे पश्चात राहते घर, विहिरीसह, हिला द्यावे.'"

सुमतीबाईंचे डोळे भरून आले. जन्मभर त्या मास्तरांच्या तोंडी 'ही'च होत्या. हिला विचारा, हिला सांगा, हिला बरं नाही. बायकोचं नाव घ्यायचं नाही, रीतच होती तशी. आपल्याला घर मिळालं, हे त्यांना लख्ख कळलं.

रंगूबाई मात्र सुपारी कातरता कातरता थांबली. "अरे दादा, घर मला दिलंस की रे!"

"तुला? वेडी का खुळी! हिला दिलंय."

"हिला म्हणजे कोणाला? वर नाव माझं एकटीचंच आहे. वहिनी कुठाय त्यात?"

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. पोरांच्या वहीत सर्वनामाच्या चुका शोधून शोधून कान पिळलेले, आणि आता स्वतःचेच कान लाल झाले. "पण तू थोडीच घर मागणार आहेस?" ते पुटपुटले.

"मी नाही रे. पण माझा विश्राम? माझंच पोर आहे म्हणून सांगते, हा कागद घेऊन तो कोर्टात उभा राहील. मग वहिनीने जायचं कुठे?"

आयतं चालून आलेलं घर ही बाई दोन्ही हातांनी परत करत होती! सुमतीबाईंनी उठून रंगूबाईला घट्ट धरलं. मग मास्तरांकडे वळल्या. "ते काही नाही. उद्या वकिलांकडे जायचं. एका शब्दाने घर जात होतं, बाकीच्यात काय घोळ असेल देव जाणे."

घोळ होताच. कल्याणच्या वकिलांनी कागद पाहून मान हलवली. "मास्तर, दोन साक्षीदारांच्या सह्या कुठे आहेत? तारीखही नाही. हे नव्यानेच करू. पत्नीचं नाव सांगा."

मास्तरांनी छताकडे पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली. "तूच सांग गं," ते हळूच म्हणाले.

"छे छे, मृत्युपत्र तुमचं आहे. तुम्हीच सांगायचं," वकील म्हणाले.

"सुमती," मास्तर म्हणाले. वर्गात खडा आवाज काढणारा माणूस, पण हे नाव कसंबसं ऐकू आलं.

"ओ!" सुमतीबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी लाजून पदर तोंडावर धरला. वकील हसले. "पुढे वाद नको, म्हणून माहेरचंही नाव घालू. आठवतंय का?"

सुमतीबाई सांगायला पुढे झाल्या. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हाच ते जुनं पुसलं गेलं होतं. आई गेल्यावर त्या नावाने हाक मारणारंही कोणी उरलं नव्हतं. यांना कुठलं माहीत असायला?

"आठवतंय म्हणजे काय!" मास्तर म्हणाले. "चित्रा. दुसरी वेलांटी देऊ नका हं. च ला ऱ्हस्व, आणि त्र नीट काढा. फार सुंदर नाव आहे हिचं."

सुमतीबाई तिथेच, वकिलांसमोर, घळाघळा रडल्या.