तीन हाका

इडोनियाबाई त्या गुरुवारी बिशपच्या कोर्टात हजर झाली. पण कोर्टाच्या लेखी तसं काही घडलेलं नाही. वहीत 'गैरहजर' लिहिलंय.

समन्स मीच बजावलं होतं. नवरा वॉल्टर वारला तेव्हा तिनं रविवारी, म्हणजे काम करायला मनाई असलेल्या दिवशी, त्याची चादर धुतली, असा आरोप. गुन्हा किरकोळ. हातात मेणबत्ती धरून अनवाणी चर्चभोवती एक फेरी मारली की सुटका. गैरहजेरी मात्र किरकोळ नाही. तिची शिक्षा धर्मबहिष्कार, आणि बहिष्कृताला चर्चच्या आवारात पुरत नाहीत.

"वॉल्टरशेजारची जागा माझीय," ती मला म्हणाली होती. "येणार म्हणजे येणार."

आली. सत्तरीची बाई, एक पाय सुजलेला, सहा मैल चालत. दार उघडल्या उघडल्या पहिल्या बाकावर जाऊन बसली. तिथंच चुकलं.

आमच्याकडे पुकारा दाराबाहेर तीनदा होतो आणि तिसऱ्या हाकेच्या आत बाहेरून उंबरा ओलांडला तरच हजेरी लागते. हॅमो चोपदार पायरीवर गेला.

"वॉल्टरची विधवा इडोनिया, हाजिर हो!"

"अरे, ही काय इथं बसलेय!"

"आत बसलेल्यांना मी बोलावत नाही, आजी. बाहेर या, मग आत या."

"मग बोलावतोयस कुणाला?"

"बाहेरच्या इडोनियाला."

लोक हसले. न्यायाधीशही हसले, आणि पुढं चालू द्या अशी खूण केली. म्हातारी काठी टेकत निघाली. अर्ध्या वाटेत दुसरी हाक झाली.

"थांब रे मेल्या, दम तर खाऊ दे!"

ती बाहेर पाऊल टाकतेय तोच तिसरी झाली. दोन हाकांमध्ये किती थांबायचं ते कुठंच लिहिलेलं नाही, आणि हॅमोला भूक लागली होती. मी तिला हात देऊ शकलो असतो. पण माझं काम समन्सपुरतं.

ती वळून आत आली. "आले की रे आता!"

"आता तुमचा खटला संपला, आजी."

बहिष्कार उठवायला पुढच्या गुरुवारी स्वतः येऊन गुडघे टेकावे लागतात. ती चौथ्या दिवशी वारली. तिच्या बहिणीनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला:

"महोदय, मयत इडोनिया ही आवाराच्या भिंतीबाहेर दहा पावलांवर असून तिला हलवण्यास मनाई आहे. तरी सदर भिंत अकरा पावलं दक्षिणेस सरकवण्यात यावी, ही नम्र विनंती."