दोन तारा आणि मेघाचे हात

खरं तर हे मी सांगायला नको. माझ्यातून जे जातं ते मी जवळसुद्धा ठेवायचं नसतं, मग दुसऱ्याला सांगणं दूरच. पण तुम्ही कुणाजवळ बोलणार नाही असं वाटतं, म्हणून सांगते.

मी एक काळी डबी. रावेरजवळच्या केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये, पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसात, भिंतीवर राहते. दोन कंपन्यांच्या इंटरनेटच्या दोन तारा माझ्यात येतात. दिवसभर मी दोघींना हाक मारते, "आहेस का?" मग लांबून, केळीच्या बागांवरून तरंगत, हलकीशी "ओ" येते. एक गप्प झाली की सगळं बोलणं मी दुसरीच्या वाटेने सोडते. लोकांना कळतही नाही.

दिल्लीच्या व्यापाऱ्यांना पडद्यावर केळी दाखवता यावीत म्हणून मालकांनी, जीवराम आबांनी, मला आणलं. "दोन दोन लाइनी घेतल्या, आता फिकर नाही," त्यांचा मुलगा पियुष म्हणाला होता. दोन्ही तारा रस्त्यावरच्या एकाच खांबावरून येतात, हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे? नुसते दिवे आहेत.

ते दिवे वाचणारी एकटी मेघा, आबांची मुलगी. तिला ऐकू येत नाही, ती हातांनी बोलते. केळीची निवड आटोपली की ती माझ्यासमोर बसून हिरवं लुकलुकणं बघत राहते. तेव्हा मला वाटतं, कुणीतरी माझं ऐकतंय.

एका दुपारी तिला बघायला धुळ्याचा भूपेंद्र पडद्यावर आला. त्यालाही ऐकू येत नाही. दोघांचे हात नुकते कुठे बोलू लागले होते, तेवढ्यात कापसाने उंच भरलेली गाडी खांबाजवळून गेली आणि दोन्ही तारा ओढून घेऊन गेली. मी हाका मारल्या. कुणीच ओ दिली नाही. पडद्यावर भूपेंद्रचा हात हवेत थिजला.

आबांनी मोबाईल काढला. शेडमध्ये मोबाईलवर चित्र येत नाही, आवाज तेवढा येतो. पलीकडून भूपेंद्रचे वडील बोलले, "आमले पोर पसंत शे, आबा!"

"मंग काढा तारीख!" आबा म्हणाले.

"अहो, पोरांना विचारा तरी," मेघाची आई पुष्पाबाई म्हणाली.

"त्याईले काय इचारतं? हासू रायले होते ना दोघं!"

सगळे खदखदून हसले. मेघा एकेकाच्या ओठांकडे बघत होती. ऐकणाऱ्यांना दुसरी वाट सापडली होती, तिला नव्हती. आणि लग्न तिचं ठरत होतं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. दोन दिवे लाल. ती उठली, आपल्या फोनमधलं सिम काढलं आणि माझ्या कुशीतल्या फटीत सरकवलं. छतावर माझी अँटेना होती, पण त्या फटीत आजवर कुणी काही घातलंच नव्हतं. त्या अनोळखी वाटेवर मी हाक मारली. बराच वेळ नुसतं आभाळ. मग, स्वप्नातून यावी तशी, "ओ".

भूपेंद्रचा हात हलला.

"तुला कुणी विचारलं?" मेघाच्या हातांनी विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

दोघं हसली. मेघाने आबांच्या हातातला फोन घेतला आणि बंद केला.

तारीख अजून निघालेली नाही. रोज संध्याकाळी त्यांचे हात माझ्यातून पाखरांसारखे जातात. "अजून किती बोलतीन व माय!" आबा म्हणतात. पण आता ते मेघासमोर उभं राहून, हात हलवून म्हणतात.

दुसरी तार आता वेगळ्या खांबावरून येते. आणि काल मेघाने भूपेंद्रला विचारलं, "तुमच्या घरात मी कुठे बसेन? मला दार दिसायला हवं, म्हणजे कोण आलं ते कळेल." भूपेंद्र उठला. त्याने मागचं टेबल ओढत ओढत दाराकडे फिरवलं, तिच्याकडे पाहिलं आणि हातांनी सांगितलं की—

"पियुष, पडद्यावर दिल्लीवाले अडकले! त्या डबीकडे पाह्य बरं!"

आले हो आबा, आले, यांना एवढंच सांगून—