ओल्या वाळूचा उजेड

एकोणीसशे चौतीसच्या थंडीत मुंबईच्या कॉलेजात शिकणाऱ्या शिवदास आणि सदा या मित्रांनी एक छोटा मूकपट काढायचं ठरवलं. विषय शिवदासचा: अलिबागच्या कोळीवाड्यात मासळी सुकवणाऱ्या बायका. त्याची आई नीराबाई त्यांतलीच एक.

कॅमेरे भाड्याने देणारा दुकानदार विषय ऐकून हसला. "कोळणी? उन्हात रापलेली तोंडं! पडद्यावर नुसते दात दिसतील. मोठा कॅमेरा घ्या, मोठे दिवे घ्या, माझ्या शेडमध्येच काम उरका. टोपलीपाशी एखादी गोरी मुलगी बसवू."

सदाला दिव्यांचा मोह पडला. शिवदासच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"मासळी माझी आई सुकवते, तुमची गोरी मुलगी नाही," तो म्हणाला आणि चावी देऊन चालणारा लहान कॅमेरा त्याने उचलला. एका चावीत जेमतेम अर्धा मिनिट चाले. पण हातात धरून कुठेही नेता येई. दिव्यांचा प्रश्नच नव्हता. कोळीवाड्यात वीज कुठली?

पहिल्या दिवशी ते भर दुपारी किनाऱ्यावर उतरले. ऊन डोक्यावर. नीराबाईच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या सावल्या. सदाने चाचरत पावडरचा डबा काढला. "मावशी, थोडी लावता? उजळ दिसाल."

नीराबाईने बोंबलांची टोपली खाली आदळली. "तोंडाला पीठ फासून कोन मासली सुकवतं रं? माजं तोंड चालत न्हाय, तं माजं काम कशाला पायजे?"

सदाने डबा पिशवीत टाकला.

घटकाभराने तीच धुसफुसत म्हणाली, "उजेडच पायजे ना? सकालच्याला या. पानी मागं गेलं का वली वालू आरशावानी चमकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओल्या वाळूत मासळी निवडायला बसली. उजेड उलटून तिच्या तोंडावर पडावा म्हणून सावलीच्या बाजूला सदाने होडीचं पांढरं शीड ताणून धरलं. शिवदासने चावी दिली.

महिन्याभराने कॉलेजात खेळ झाला. नीराबाई बोटीने आली. पडद्यावर तिच्या चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. टाळ्या थांबल्यावर तिने विचारलं, "सुरवातीला काय लिवलं व्हतं?"

"माझं नाव, सदाचं, कॉलेजचं."

"तोंड माजं, काम माजं, उजेडबी म्या दाखिवला. आन नाव तुमचं?"

शिवदासने तोच कॅमेरा पुन्हा भाड्याने आणला.

उरलेल्या फिल्मवर त्यांनी नावांची नवी पाटी टिपली. सर्वांत वर नीराबाई, मग तिच्यासोबत मासळी सुकवणाऱ्या चंद्राबाई, आवडाबाई. हे दोघे तळाशी. दुसऱ्या खेळाला नीराबाई आली नाही. त्या दिवशी बाजार होता.