कोरे शिसे

सुतळीने आवळलेले छापखान्यातले ते दहा-पंधरा खिळे, तळहातात मावतील एवढेच, पण वजन केवढे... कमलने ते कीबोर्डशेजारी ठेवले. सकाळी बाबांच्या ट्रंकेत सापडले होते. इंग्रजी अक्षरे, उलटी, जाड, एका बाजूला कललेली, टोकांना बारीक पाय फुटलेली — बोल्ड इटालिक, बाबांचे लाडके वळण. घाटकोपरच्या छापखान्यात तीस वर्षे खिळे जुळवणारा माणूस तो. सरळ अक्षर माहिती सांगते, म्हणत, हे पुढे झुकून हाक मारते. म्हणून लग्नपत्रिकेत फक्त नवरा-नवरीच्या नावांची ओळ त्यात. मयताच्या कार्डात कधीच नाही. गेलेल्याला कशाला हाक मारायची?

आणि आज त्यांचेच कार्ड तिच्यासमोर पडद्यावर होते. कालकथित खंडू शेजवळ, जलदान विधी, रविवारी. दुपारपर्यंत छपाईला द्यायचे. अडले होते शेवटच्या ओळीवर. आकाशचा मघाशी फोन येऊन गेला होता.

"ताई, खाली भावजींचं नाव नको टाकू ना. बाबांना नसतं आवडलं."

नसतेच आवडले. एकवीस वर्षांपूर्वी ती मालवणकडच्या सिद्धेशशी रजिस्टर लग्न करून आली, बाबा आले नाहीत. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, आई म्हणायची. शेवटच्या आजारपणात सिद्धेश रोज त्यांची दाढी करून द्यायचा, तेव्हाही बाबांनी त्याला एकदाही नावाने हाक मारली नाही.

तिने खिळ्यांना स्टॅम्पपॅडची शाई लावली, कागदावर दाबले. उमटले ते उजेडात धरून वाचले. कमल वेड्स... आणि पुढे पांढरे. म्हणजे माझी पत्रिका जुळवायला घेतली होती यांनी, कोणाला न सांगता? आणि माझ्या नवऱ्याच्या जागी काहीच नाही? तिला संताप आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, कुठे काढावा ते न कळणारा.

मग खिळे पुन्हा पाहिले. काहीच नाही कसे — तिथे कोरे शिसे होते, अक्षरांहून बुटके, म्हणून न उमटणारे. लहानपणी छापखान्यात तिला शेजारी बसवून बाबा सांगायचे, "जागा सोडायची तरी शिसं भरावं लागतं, कमल. नाहीतर ओळ उभी राहत नाही."

तिने पट्टीने ती जागा मोजली. पडद्यावर त्याच वळणात, त्याच मापात सिद्धेशचे नाव इंग्रजीत टाईप केले. तंतोतंत तेवढेच.

बाबांनी नाव लावून मग काढले होते... की लावायचे ठेवले होते? आणि मग ट्रंकेत इतकी वर्षे कशाला जपले? फोन पुन्हा वाजू लागला, आकाशच असणार. तिने तो वाजू दिला आणि कार्डाच्या शेवटच्या ओळीत सिद्धेशचे नाव घातले. कर्सर वर नेऊन तिने बाबांचे नाव निवडले, ठळक केले, जरासे पुढे झुकते केले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यांच्याशी भांडायचे नव्हते, नुसते विचारायचे होते.