माळ्यावरची वाकळ

पूर्णिमावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. ती काही वाईट वागली म्हणून नव्हे. भैरवी तिच्याजवळ गप्प राहायची, म्हणून.

भैरवी माझी मुलगी. दहा वर्षांची आहे, बोलत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी कानावर हात ठेवून किंचाळते, मनगट चावते. तिला आवरायचं तिच्या आईलाच जमायचं. दिवाळीआधी संयोगिता, माझी बायको, आजारपणात गेली आणि मी कागलच्या कारखान्यातून रजा काढून घरी बसलो. रजा किती दिवस चालणार? मग भैरवीच्या शाळेतल्या बाईंनी एका संस्थेचं नाव सांगितलं. अशा मुलांना सांभाळायला संस्था घरी माणूस पाठवते, म्हणजे आईबापाला कामावर जाता येतं, जरा उसंत मिळते. त्यांनी पूर्णिमाला पाठवलं. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत ती भैरवीजवळ थांबायची.

आलो की मी विचारायचो, "कशी हुती?"

"चांगली हुती की दादा. जेवली, खेळली, झोपली."

रोज हेच उत्तर. माझ्याजवळ जे पोर घटकाभर एका जागी बसत नाही, ते हिच्याजवळ झोपतं कसं? मी दुधाचा पेला हुंगून बघितला. भैरवीच्या पापण्या वर करून बघितल्या. औषध दिलेलं कसं ओळखायचं ते मला माहीत नव्हतं, तरी बघितलं.

माझी थोरली बहीण, आक्का, गडहिंग्लजला असते. ती फोनवर म्हणायची, "परकी बाई ती. तुझ्या पोरीला तोंड न्हाय सांगायला. आमच्याकडं अशा पोरांचं वसतिगृह हाय, तिथं घाल. रविवारी मी गाडी घिऊन येतो."

मला भैरवीला पाठवायचं नव्हतं. पण घरातच तिचे हाल होत असतील, तर तिला ठेवून घेऊन मी काय करणार होतो? बघू, म्हणालो.

शुक्रवारी कामावर असताना शेजारच्या धोंडुबाईंचा फोन आला.

"अंबादास, असशील तसा ये. ती बाई पोरीला बांधून घालती. मी खिडकीतनं बघितलो की! मढ्यागत गुंडाळून ठेवलीया."

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"मला काय म्हाईत? हालंना झालीया!"

सुपरवायझरला न सांगता मोटारसायकल काढली. उचगावजवळ गर्दी लागली तेव्हा पुढच्या टेम्पोवाल्याला विनाकारण शिव्या दिल्या.

घरी पोचल्यावर आधी खिडकीतून बघितलं. आत आवाज नव्हता. भैरवी जमिनीवर उताणी होती, पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेली, फक्त तोंड उघडं. शेजारी पूर्णिमा दोन्ही हातांनी तिला दाबत बसली होती. आणि गुंडाळलं होतं ते संयोगिताच्या वाकळीत.

ही वाकळ संयोगितानं जुन्या लुगड्यांची शिवलेली, जड. आजारपणात तिच्या अंगावर हीच असायची. मेलेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवत नाहीत, नदीला सोडून ये, असं आक्कानं बजावलं होतं. मला जमलं नाही. मी ती माळ्यावर टाकली होती. आणि आता पोर तिच्यात, तिच्या आईला शेवटी गुंडाळलं होतं तशी.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी पूर्णिमाला बाजूला ढकललं आणि वाकळ ओढून काढली. भैरवी झोपली नव्हती. डोळे उघडे होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि किंचाळायला लागली.

"काय केलंस हिला?"

"दादा, बांधलेली न्हाय. दोरी हाय काय बघा कुठं. असं दाबून धरलं की तिला बरं वाटतंय."

"आणि मला रोज सांगत हुतीस, खेळली म्हणून!"

पूर्णिमा रडकुंडीला आली. "एक दिवस लई वरडत हुती. सारखं माळ्याकडं हात करायची. मी चढून बघितलो तर ही वाकळ. दिली, तशी गप्प झाली. तवापास्नं रोज देतो, तुमी यायच्या आत परत वर ठेवतो. घरातल्या वस्तूला न विचारता हात लावायचा न्हाय, असं संस्थेत बजावलंय. तुमाला सांगितलं तर तुमी काढून घ्याल असं वाटलं."

"घेतलीच असती."

"मग?"

मी वाकळ हातात घट्ट धरली.

"पोलिसाला बोलवू काय रं?" धोंडुबाई दारातून म्हणाल्या.

"थांबा वो मावशी जरा."

भैरवीला उचलायला गेलो तर ती मला चावली. मग तिनं माझ्या हातातली वाकळ हिसकली, जमिनीवर टाकली, कडेला आडवी झाली आणि लोळत लोळत स्वतःच गुंडाळून घ्यायला लागली. वाकळ सुटली. तिनं परत केलं. परत सुटली. किंचाळणं चालूच होतं. पूर्णिमा पुढे झाली.

"तू नगं," मी म्हणालो आणि गुडघ्यावर बसलो.

कड घेतली, तिच्या अंगाखाली सारली. सैल झाली.

"अरं, घट्ट वढ की! भेळ बांधतोस काय कागदात!" धोंडुबाई ओरडल्या. आता पोलिसाचं नाव नव्हतं.

मी घट्ट ओढली. खांद्यावर दोन्ही हात ठेवून दाबलं. किंचाळणं हुंदक्यावर आलं, मग नुसता श्वास राहिला. माझा संशय तरी गेला नाही. मी हात काढून घेतले आणि लांब सरकून बघत बसलो. भैरवीनं वाकळीतून एक हात बाहेर काढला, नाक खाजवलं आणि हात आपणच परत आत घातला.

बांधलेलं माणूस असं करत नाही.

तेवढ्यात ती पुन्हा कण्हायला लागली, म्हणून मी परत दाबत बसलो.

"सोमवारी ये," मी पूर्णिमाला म्हणालो. "पर परत खोटं बोललीस तर दारात उभी करणार न्हाय."

"व्हय दादा."

"आणि खिडकी उघडी ठेवायची. मावशी बघतील."

"मी काय राखणदार हाय व्हय तुझी?" धोंडुबाई म्हणाल्या, पण उंबऱ्यावर बसल्या त्या उठल्या नाहीत.

एका हातानं आक्काला फोन लावला. रविवारी गाडी आणू नको, म्हणालो.

"का रं? भरवसा बसला व्हय त्या बाईवर?"

"न्हाय बसला. तरी आणू नगंस."

ती अजून बोलत होती. पण मला दोन्ही हात पाहिजे होते, म्हणून मी फोन ठेवला.