बाहेरून कडी

पूर्णिमा तिशीची होती, पण समज लहान मुलीची. खडकीच्या कार्यशाळेत ती रोज मेणबत्त्या करायला जायची. यंदा सरकारने अनुदान दिलं नाही आणि कार्यशाळा बंद पडली.

"बाई, हिला एकटीला तरी इथे बसू द्या. मी कामावर गेले की हिच्यापाशी कोण?" तिच्या आईने, श्यामलाने कार्यशाळेच्या बाईंना विनवलं.

"अहो, बजेटमधून आपल्याला काढूनच टाकलंय. जागाही सोडतोय," बाई म्हणाल्या.

श्यामला हिंजवडीत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. खाडा केला तर काम जाणार होतं. दुसऱ्या दिवशी तिने पूर्णिमाला घरात ठेवून बाहेरून कडी लावली.

"आई, मी शहाण्यासारखी वागेन!" पूर्णिमा आतून दार बडवत ओरडली.

श्यामला जिन्यात मटकन बसली. मग डोळे पुसून बसथांब्याकडे धावली.